बाहुलीचं घर : किटच्या कर्जाचा ठराव करण्याआधी



गेल्या दोन-तीन महिन्यांपासून बैठकीला गेलं की हजेरी आणि बचत झाल्यावर एक विषय निघतोच. कुणीतरी मोबाईल पुढे करते आणि विचारते, "ताई, हे बाहुलीचं घर बघा. याचं किट मिळतं म्हणे. आपल्या समूहाला जमेल का?" व्हिडिओमध्ये दोन हात दिसतात, एक चिमटा दिसतो आणि तीन मिनिटांत दुमजली बंगला उभा राहतो. दिवे लागतात, पडदे लटकतात, टेबलावर चहाची कपबशी येते. बघायला छानच वाटतं. आपल्या प्रभागातल्या दोन समूहांनी तर वीस-वीस किट आणण्यासाठी कर्जाचा विषय बैठकीत मांडलाय. रुखवतासाठी आणि गौरीच्या सजावटीसाठी विकू, असा विचार आहे.

विचार वाईट नाही. पण तीन मिनिटांच्या त्या व्हिडिओमागे तीस-चाळीस तासांचं काम असतं, ते दिसत नाही. म्हणून ठरावावर सह्या व्हायच्या आधी हे काम नेमकं काय आहे, घर कसं जुळवतात, आत काय मांडतात आणि पैसा कुठे सुटतो हे सविस्तर लिहितेय.

हे खेळणं नव्हतंच मुळात

बाहुलीचं घर म्हटलं की आपल्याला लहान मुलींचा खेळ वाटतो. युरोपात मात्र ही घरं सुरुवातीला मोठ्या बायकांची हौस होती. नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या बायकोने करून घेतलेलं एक घर आहे, तीनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचं. एका मोठ्या कपाटात खोल्या केल्यात आणि प्रत्येक खोलीतली वस्तू त्या त्या कारागिराकडून बनवून घेतलीय. चिनीमातीची भांडी तर थेट चीनहून मागवलेली. त्या काळात तिथे खरं घर जेवढ्याला पडायचं, तेवढा खर्च या एका कपाटावर झाला, असं ते संग्रहालय सांगतं. आल्यागेल्याला कपाटाची दारं उघडून दाखवायचं. म्हणजे ते तिकडचं रुखवतच म्हणा ना!

इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२४ साली असंच एक घर पूर्ण झालं. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. त्याचा आराखडा केला एडविन ल्यूटेन्स यांनी. नवी दिल्लीचं आजचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं, तेच हे.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे भातुकली. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि भातुकलीचे संच बनतात, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असतील. दिवाळीतला किल्ला, गौरीपुढचा देखावा, रुखवतातलं आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि तुळशीवृंदावन ही सगळी त्याच कुळातली. तेव्हा हे काम आपल्याला परकं नाही. परकं आहे ते फक्त किट.

जेवढे फूट तेवढे इंच

बाहुलीघराचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण माप विसरू नका. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप एकास बारा. एका फुटात बारा इंच असतात, त्यामुळे हिशोब अगदी सोपा होतो. खऱ्या घरात जेवढे फूट, तेवढेच इंच बाहुलीघरात. दार साडेसहा फूट उंच असेल तर इथे साडेसहा इंच. खोली दहा बाय बारा फूट असेल तर दहा बाय बारा इंच. सव्वा फुटाचा हंडा सव्वा इंचाचा. पाच फुटांची बाई पाच इंचांची.

ऑनलाइन मिळणारी बरीच छोटी चिनी बनावटीची किट एकास चोवीसच्या आसपास असतात. म्हणजे आपल्या हिशोबाने फुटाला अर्धाच इंच. पाच फुटांची बाई तिथे अडीच इंचांची होते आणि हंडाही निम्माच. त्या किटमधली खुर्ची उचलून एकास बाराच्या घरात ठेवली, तर ती पाळणाघरातल्या मुलाची खुर्ची दिसेल.

गल्लत होते ती इथेच. घर किटचं आणि भांडी बाजारातल्या भातुकलीची. भातुकलीतली तीन इंचांची कढई एकास बाराच्या स्वयंपाकघरात ठेवली की ती तीन फुटांची दिसते, म्हणजे लग्नाच्या पंगतीची कढई. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण वस्तू खोटी वाटते आणि गिऱ्हाईक पुढे जातं. कापडाचंही तसंच. एक इंचाचं फूल असलेलं कापड पडद्याला लावलं तर ते फूल फूटभर रुंद दिसणार. म्हणून बारीक बुट्टी, बारीक रेघ किंवा साधं एकरंगी कापड घ्यायचं. जुन्या साडीचा अगदी बारीक काठ असेल तर तो सोन्यासारखा जपून ठेवा.

किट उघडल्यावर

किटमध्ये घराचे कापून तयार केलेले भाग असतात. बहुतेक वेळा ते तीन मिलीमीटर जाडीच्या एमडीएफचे असतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली पाटी. महागड्या किटमध्ये प्लाय असतो. भाग पाटीतच अडकलेले असतात आणि त्यांवर क्रमांक किंवा अक्षरं असतात. सोबत चित्रांचं पुस्तक असतं. मजकूर इंग्रजी किंवा चिनी असला तरी घाबरू नका, काम चित्रांवरच चालतं.

खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये एखादी पाटी कमी किंवा मोडकी निघाली, तर तक्रार करायला तोच पुरावा. सगळे भाग त्याच दिवशी मोजून घ्या, कारण परत करण्याची मुदत थोडीच असते. आणि कितीही मोह झाला तरी सगळे भाग एकदम पाटीतून काढू नका. सुटे झाले की कुठला कुठे हे कळत नाही. लागेल तसा एकेक काढायचा, मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक लिहायचा. घरात लहान मूल असेल तर मोठ्या परातीत काम करा, उठताना परात उचलून वर ठेवता येते.

फेविकॉलला हात लावण्याआधी घर एकदा कोरडंच उभं करायचं. कागदी चिकटपट्टी लावून भिंती, जमीन, छप्पर जुळवून बघायचं. खाचा घट्ट असतील तर पॉलिश पेपरने थोडं घासायचं. घासताना बाहेर ओट्यावर बसा आणि नाकातोंडाला पदर किंवा मास्क बांधा. एमडीएफची धूळ अगदी बारीक असते, ती छातीत जाऊ देऊ नये.

आता क्रम. घर आधी बांधून मग रंगवायचं असं आपल्याला वाटतं, कारण खऱ्या घराला तसंच करतो. इथे उलटं आहे. आतल्या भिंती आडव्या असतानाच रंगवायच्या, कागद लावायचा, जमिनीवर फरशीचा कागद चिकटवायचा. एकदा घर उभं राहिलं की पाच इंचांच्या कोपऱ्यात ब्रश जात नाही. दिव्याची तारसुद्धा भिंतीच्या कागदाखालून आधीच काढून घ्यायची. जिना असेल तर बाजूची भिंत बसवायच्या आधी तो बसवून घ्या.

एमडीएफच्या कडा पाणी पितात. नुसता रंग लावला तर कडा फुगतात आणि खडबडीत होतात. आधी पातळ केलेल्या फेविकॉलचा किंवा प्रायमरचा एक हात द्या, वाळल्यावर घासा, मग रंग. भिंतीला एकाच बाजूने कागद चिकटवला तर ती पापडासारखी वळते. दुसऱ्या बाजूलाही कागद किंवा रंग लावून वजनाखाली दाबून वाळवायची. पाट्याचा वरवंटा यासाठी उत्तम. पावसाळ्यात हे सगळं दुप्पट वेळ घेतं, हेही धरून चाला. ऑर्डर गौरीची असेल तर काम उन्हाळ्यातच उरकायला हवं.

जोडायला पांढरा फेविकॉलच वापरा. तो सावकाश सुकतो म्हणून चिडचिड होते, पण भाग सरळ करायला वेळ मिळतो आणि पकड पक्की बसते. झटपट चिकटणारा गोंद लवकर हाताला चिकटतो आणि आजूबाजूला पांढरी धूसर झाक सोडतो, खिडकीच्या प्लॅस्टिकवर तर हमखास. ग्लू गनचा गोंद जाड बसतो आणि उन्हात मऊ होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात टेम्पोतून नेलेल्या घराचं छप्पर सुटून येईल. त्यापेक्षा फेविकॉल लावून कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरं लावून रात्रभर ठेवलेलं बरं. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला सुताराचा गुण्या हवा. नसेल तर काड्यापेटी कोपऱ्यात उभी करून बघा. पहिला कोपरा थोडा जरी तिरका गेला, तर छप्पर बसवताना बोटभर फट पडते आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

चाळीशी लागलेल्या ताईंनो, चष्म्याशिवाय या कामाला बसू नका. आणि संध्याकाळी साठच्या बल्बखाली तर नकोच. सकाळचा उजेड, उंबऱ्याजवळची जागा, दीड-दोन तास, बस. त्यापुढे मान धरते आणि हात चुकतो.

आतली मांडणी

किटमध्ये मिळणारी आतली मांडणी म्हणजे सोफा, फायरप्लेस, पियानो, केकचं दुकान. मी स्पष्टच सांगते, ही मांडणी आपल्या रुखवतात कुणी विकत घेणार नाही. घेतली तर मोबाईलवर स्वस्तात दिसते तिथूनच घेईल, आपल्याकडून कशाला? पण चूल, जातं, उखळ-मुसळ, देव्हारा, झोपाळा, अंगणातलं तुळशीवृंदावन असलेलं घर कुठल्याच परदेशी किटमध्ये नसतं. आणि त्या वस्तू कशा दिसतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की किट आणायचं ते शिकण्यासाठी. प्रत्येक समूहामागे एक नव्हे, पूर्ण ग्रामसंघामागे एक पुरे. त्यावर क्रम, माप, जोडणी हातात बसली की किट सोडायचं आणि आपली एक खोली मांडायची. पूर्ण घर नको, एकच खोली. प्लायची किंवा जाड पुठ्ठ्याची तीन भिंतींची पेटी, समोरून उघडी, बारा इंच रुंद, नऊ इंच उंच, नऊ-दहा इंच खोल. गावातला सुतार उरलेल्या प्लायमधून कापून देतो.

चूल शाडूची करा. नऊ इंचांची खरी चूल इथे पाऊण इंचाची. पूर्ण सुकल्यावर गेरूचा हात, आतल्या बाजूला काजळी. नवी कोरी चूल खोटी दिसते, काळी झालेली खरी दिसते. जमीन सारवलेली हवी असेल तर वस्त्रगाळ तांबडी माती फेविकॉलमध्ये कालवून पातळ थर द्या आणि ओला असताना बोटाने अर्धगोल फिरवा, सारवताना फिरवतो तसाच, फक्त करंगळीच्या टोकाने. दगडी भिंत अंड्यांच्या ट्रेपासून होते. ट्रेचे छोटे तुकडे हाताने फाडायचे, कात्रीने नाही, आणि एकमेकांना लागून चिकटवून वर करडा रंग द्यायचा. कौलांसाठी खोक्याच्या पुठ्ठ्यावरचा एक कागद ओला करून सोलून काढा. आतल्या वळ्या उघड्या पडतात, त्यावर गेरूचा रंग दिला की लांबून कौलंच वाटतात.

भाकरी, लाडू, भाजी करताना खरं पीठ वापरायचा मोह होतो. नको. महिन्याभरात मुंग्या आणि किडे लागतात आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने बोटं मोडतं. एम-सील मळून भाकरी थापा. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी झाली की माप बरोबर. खरपूस डाग द्यायला चहाच्या पाण्यात बुडवलेली काडी चालते.

कापड छोटं केलं की ते खाली पडत नाही, फुगून उभं राहतं. पडदा ताठ कागदासारखा बाहेर येतो. यावर उपाय असा, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये मऊ सुती कापड भिजवून पिळायचं, प्लॅस्टिकवर ठेवून टाचण्यांनी चुण्या पाडायच्या आणि तसंच वाळू द्यायचं. अंगावरची साडी नेसवलेली बाहुलीही याच पद्धतीने होते.

गोधडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या मावशींची खरी ताकद तिथे आहे. सहा बाय चार फुटांची गोधडी म्हणजे इथे सहा बाय चार इंच. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे फक्त दोन थर घ्या, मधे काही भरू नका. ठिगळं अर्ध्या इंचाची. दोरा एकपदरी आणि धाव टाका जमेल तेवढा बारीक. खऱ्या मापाने बारीक टाका घालणं डोळ्यांना शक्य नाही, पण ओळी जवळजवळ आणि समांतर आल्या की गोधडी जिवंत दिसते. कडा आत दुमडू नका, जाड होतात. फेविकॉलचं बोट फिरवून कडा नीट कापा. अशी गोधडी घडी करून पेटीवर ठेवली की बघणारी आधी तिलाच हात लावते. एका समूहातल्या सत्तरीच्या आजींनी केलेली गोधडी मी चार बैठकांना दाखवायला नेली. चारही ठिकाणी विचारलं गेलं, ही सुटी मिळेल का?

दिवा लावायचा तर घड्याळाच्या सेलवर चालणारा तीन व्होल्टचा एलईडी. घरातल्या विजेची वायर याला अजिबात जोडायची नाही. पुठ्ठा, कापड, कागद सगळं पेट घेणारं आहे. देखाव्याजवळ निरांजन किंवा उदबत्ती ठेवू नका असं गिऱ्हाइकालाही सांगा. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. तो चपटा सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. कुणी गिळलाच तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठायचा.

हिशोब

आता कर्जाच्या ठरावाकडे येऊ. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या बाजारातले भाव घालून पुन्हा मांडा.

समजा किट १,५०० रुपयांचं. रंग, फेविकॉल, कापड, दिवा ४०० रुपये. खोकं आणि नेआण १०० रुपये. झाले २,०००. तिघींनी रोज दोन तास बारा दिवस काम केलं तर ७२ तास. गिऱ्हाइकाने ३,००० रुपये दिले तर खर्च जाऊन १,००० उरले. ७२ तासांना १,००० म्हणजे तासाला चौदा रुपयेसुद्धा नाहीत. शेतात खुरपायला गेलात तर याहून जास्त मिळेल. "पण आम्ही रिकाम्या वेळात करतो ना ताई," असं मला ऐकवलं जातं. रिकामा वेळ कुणाचा असतो मला अजून दिसलेला नाही. तो झोपेतून कापलेला असतो.

आता एका खोलीचा देखावा. पेटी, माती, कापड, रंग, दिवा मिळून ३५० रुपये. सवय झाल्यावर १४ तास. विक्री १,२०० रुपयांना. उरले ८५०, म्हणजे तासाला साठ रुपये. किंमत कमी असूनही मजुरी चौपटीहून जास्त, कारण यात दुसऱ्याच्या खोक्याचे पैसे नाहीत आणि निम्म्या वस्तू घरातल्या टाकाऊतून आल्या. वर गोधडी, सूप, चूल असे सुटे नग विकता येतात. ज्यांनी दिवाळीचा किल्ला किंवा गौरीचा देखावा स्वतः केलाय, त्यांना घर नको असतं, चार वस्तू हव्या असतात.

वीस किट म्हणजे ३०,००० रुपये. ती खपली नाहीत तर हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागणार. त्याऐवजी तीन देखावे करा, एक तुमच्या गावच्या लग्नात मोफत नाही तर निम्म्या किमतीत द्या, शेजारी समूहाचं नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मागणी आली की मग पैशाचं बोलू. प्रत्येकीने आपण किती तास बसलो हे वहीत लिहायचं. हे लिहिलं नाही तर भाव ठरवताना आपण आपल्यालाच फसवतो.

"अनामत भरा, किट घरी येईल"

हे वेगळं लिहिणं भाग आहे. आमच्या भागात गेल्या वर्षी एकजण गावोगाव फिरत होता. घरबसल्या काम, छोट्या वस्तूंची किट आम्ही देणार, तुम्ही जोडून परत द्यायची, नगाला ठरलेले पैसे. फक्त आधी अनामत भरायची. अनामत भरलेल्या बायकांना पहिली किट मिळाली, त्यांनी जोडून दिली, आणि सगळा माल "फिनिशिंग नाही" म्हणून नापास झाला. अनामत गेली, मजुरी गेली, नंतर फोन बंद. जी ताई माझ्यासमोर रडली, तिने ते पैसे घरात न सांगता दिले होते. आता घरात बोलणं ऐकावं लागतं ते तिलाच, आणि तो माणूस नामानिराळा.

काम देणारा माणूस कामगाराकडून पैसे घेत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कुणी आलंच तर लेखी करार, पत्ता आणि माल नापास झाल्यास कच्च्या मालाचं काय, हे तीन प्रश्न ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारा. एकटीने घरी बोलावून नाही. आणि तुमच्यापैकी कुणी आधीच पैसे दिले असतील तर लाजून गप्प बसू नका, मला किंवा सीआरपी ताईंना सांगा. पावती, फोनवरचे मेसेज, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पोलिसांकडे तक्रार करताना सोबत येईन.

विकताना एक कायद्याची गोष्ट

१४ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून काही विकायचं असेल तर १ जानेवारी २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयात नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. त्या नोंदणीचं ओळखपत्र मिळतं, त्याला पहचान कार्ड म्हणतात. गोधडी, बुरूडकाम, मातीकाम करणाऱ्या ताईंनी हे कार्ड काढायचा प्रयत्न जरूर करावा, त्याचा उपयोग फक्त या कामापुरता नाही.

आपला देखावा मोठ्यांच्या शोभेचा आहे, खेळण्याचा नाही, हे खोक्यावर स्पष्ट लिहा आणि जत्रेत खेळण्यांच्या ढिगात मांडू नका. नुसतं लिहून भागत नाही, तसं वागायलाही हवं. हंडे-भाकऱ्या एवढ्या बारीक असतात की लहान मूल सहज तोंडात घालतं. "तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवा" ही ओळ मराठीतच लिहा, मोठ्या अक्षरात.

प्रभागसंघाच्या ऑफिसात एक किट अर्धं जोडून ठेवलंय, मुद्दाम अर्धंच, म्हणजे आतलं दिसतं. बाजारच्या दिवशी दुपारी बारा ते तीन मी तिथे असते. ज्या दोन समूहांनी कर्जाचा विषय मांडलाय, त्यांच्या अध्यक्ष-सचिव ताईंनी पुढच्या बैठकीआधी एकदा येऊन ते हाताळून बघावं. येताना आपापल्या स्वयंपाकघरातली चूल, दार, हंडा, पाट यांची मापं फुटात लिहून आणा. फूटपट्टी आणि शाडू इथे आहे.